मीटरला जंतू दिसत नाहीत: इंदूरचं नळाचं पाणी आणि घरचा फिल्टर

डिसेंबर 2025 संपता संपता इंदूरच्या भागीरथपुऱ्यात घराघरांत उलट्या-जुलाबाचे रुग्ण दिसू लागले. शेकडो लोक आजारी पडले, कित्येकांना दवाखान्यात भरती करावं लागलं आणि माणसं दगावली. किती दगावली यावरून सरकारी आकडा आणि वस्तीतला आकडा जुळेना. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कारण मात्र लवकर सापडलं. पोलीस चौकीजवळ पिण्याच्या पाण्याच्या मुख्य लाइनीला गळती होती, आणि त्याच जागी वर शौचालय बांधलेलं होतं. स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणाऱ्या शहरातली ही गोष्ट. जमिनीखालच्या पाइपलाइनीचा फोटो कोणी काढत नाही, तिला नंबरही मिळत नाही.

अशी बातमी आली की दारावर फिल्टरवाले येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कोणता घ्यावा’ सुरू होतं आणि आठवड्याभरात निम्म्या बिल्डिंगीत आरओ बसतो. घाबरलेल्या माणसाने काहीतरी करावं हे साहजिकच आहे. पण यात एक गोंधळ आहे, तो नीट समजून घेतला तर पैसेही वाचतील आणि पोटही. भागीरथपुऱ्यात लोकांना ज्यानं आजारी पाडलं आणि फिल्टरवाला खिशातल्या मीटरनं जे मोजून दाखवतो, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणी निघतं तेव्हा बरंच असतं

इंदूरच्या नळाचं बहुतेक पाणी नर्मदेचं. खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळ जलूद आहे, तिथे ते उचलतात. 1970 साली ‘नर्मदा आणा’ म्हणून शहर रस्त्यावर उतरलं होतं, आणि 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. जुन्या इंदूरकरांना अजून ते कौतुक आहे, आणि ते असावंच: सुमारे सत्तर किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून हे पाणी माळव्याच्या पठारावर येतं.

जलूदला त्यावर नेहमीची प्रक्रिया होते. तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन सोडतात. क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. थोडा क्लोरीन पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे पुढे वाटेत एखाद-दुसरा जंतू शिरलाच तर तोही मरावा. भारतीय मानक (पिण्याच्या पाण्यासाठीचं आयएस 10500) सांगतं की नळाशी पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. नळाच्या पाण्याला कधी कधी येणारा तो औषधी वास म्हणजे हा शिलकी क्लोरीन. लोक त्या वासाला नाक मुरडतात. मी मात्र वास आला की निर्धास्त होतो.

मग बिघडतं कुठे?

बिघडतं ते टाकीपासून तुमच्या हौदापर्यंतच्या वाटेत. आपल्याकडे बहुतेक भागांत नळ एक दिवसाआड येतात, तेही तास-दीड तास. उरलेला वेळ लाइन रिकामी किंवा अर्धवट भरलेली पडून असते. हा मुद्दा जरा सावकाश वाचा, सगळी मेख इथेच आहे.

पाइपात पाणी जोरात असतं तेव्हा भेगेतून पाणी बाहेर जातं. नुकसान होतं, पण आतलं पाणी घाण होत नाही. पाणी बंद झालं की दाब उतरतो. उताराच्या लाइनीत पाणी खाली ओसरताना मागे ओढ निर्माण होते, आणि तीच भेग आता बाहेरचं आत घेऊ लागते. बाहेर काय आहे? पाइपाशेजारून ड्रेनेज जात असेल, नाली तुंबली असेल, कोणाचा शोषखड्डा असेल, तर तेच. पुढच्या वेळी नळ आले की पहिला लोंढा हे सगळं घेऊन येतो. म्हणून नळ आल्यावरचं पहिल्या काही मिनिटांचं पाणी सगळ्यात वाईट असतं. ते हौदात न सोडता फरशी, गाडी, संडासासाठी बादलीत काढावं. आमच्या पिढीच्या आया हे कोणी न सांगता करायच्या. आता फ्लोट लावलेला असतो, नळ पहाटे साडेचारला येऊन आपोआप हौदात पडतो आणि पहिला लोंढा कसा होता ते कोणी बघतच नाही.

यात भर घालतो टुल्लू पंप. गल्लीत एकानं थेट लाइनीला मोटर जोडली की ती नुसतं त्याच्या वाट्याचं पाणी ओढत नाही, सगळ्या लाइनीतला दाब पाडते. पुढच्या घराजवळच्या भेगेतून नालीचं पाणी ओढायला तेवढं पुरतं. टुल्लू लावणारा शेजारी फक्त पाणी पळवतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यांच्याच काय, स्वतःच्याही नळात घाण खेचत असतो.

आणि मग हौद. बहुतेक जुन्या घरांत हौद आणि ड्रेनेजचं चेंबर एकाच अंगणात, हातभर अंतरावर. हौदाच्या भिंतीला चीर असेल तर जे लाइनीत होतं तेच घरात होतं. शिवाय दोन दिवस साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणजे पहारेकरी गेलेला असतो.

पाण्यातली घाण एकाच जातीची नसते

पहिली जात डोळ्यांना दिसणारी: माती, गंज, गढूळपणा. ती त्रासदायक, पण निदान समोर तरी असते.

दुसरी जंतूंची. जिवाणू, त्यांच्याहून कितीतरी लहान विषाणू, आणि अमिबासारखे परजीवी. कॉलरा, टायफॉइड, हगवण, कावीळ हे सगळे यांचे उद्योग. ग्लासातलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असूनही त्यात हे असू शकतात. प्रयोगशाळा प्रत्येक जंतू वेगळा शोधत बसत नाही; ई. कोलाय हा माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा जिवाणू शोधते. तो सापडला की मैला पाण्यात मिसळला आहे हे नक्की. मानक याबाबतीत सूट देत नाही: 100 मिलिलिटर पाण्यात एकही नको.

तिसरी जात विरघळलेल्या क्षारांची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड वगैरे. यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं पाणी जड होतं, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तांब्या-भांड्यावर आणि गिझरात पांढरी पुटं चढतात. यातलं बरंचसं चवीचं आणि भांड्यांचं दुखणं आहे, पोटाचं कमी.

चौथी जात विरघळलेल्या विषांची, आणि ती गुपचूप काम करते. नायट्रेट हे यातलं आपल्या कामाचं. मैलापाणी किंवा खत जमिनीत मुरत गेलं की बोरिंगच्या पाण्यात नायट्रेट येतं. त्याची हद्द लिटरला 45 मिलिग्रॅम. त्यावर गेलं तर वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळांना खरा धोका असतो, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. दुसरं फ्लोराइड: आपल्या शेजारच्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत लोकांच्या दातांवर आणि हाडांवर त्याच्या खुणा दिसतात.

टीडीएस म्हणजे काय, आणि काय नव्हे

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, लिटरमागे किती मिलिग्रॅम, एवढंच. मीटर ते थेट मोजतही नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणी मिळण्यासारखं नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलाय.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकरा वाजता किती माणसं आहेत हे मोजलं, तर गर्दीचा आकडा कळेल. त्यात खिसेकापू किती, हे कळणार नाही. टीडीएसचं तसंच. 300 मध्ये निव्वळ निरुपद्रवी कॅल्शियम असू शकतं, किंवा त्यातलं 60 नायट्रेट असू शकतं; मीटरला दोन्ही सारखेच. जंतू तर या मोजणीत येतच नाहीत. मैल्याचा थेंब पडलेल्या पाण्यात टायफॉइडचे जंतू लाखांनी असले तरी मीटरचा काटा जागचा हलत नाही. नर्मदेच्या पाण्याचा टीडीएस 500 च्या बराच खाली असतो. म्हणजे आजार पसरलेल्या वस्तीतही एखाद्यानं मीटर बुडवलं तर ते ‘पाणी उत्तम’ असंच सांगेल.

दोन ग्लासांची जादू

हे दुकान कसं चालतं ते शेजारच्या काकूंकडे डोळ्यांदेखत पाहिलं. फिल्टरवाल्यानं दोन काचेचे ग्लास मागितले. एकात काकूंच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. पिशवीतून एक डबी काढली, तिला खाली चार सळया, वर प्लगची वायर. सळया दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी फेस यायला लागला, वर साय धरल्यासारखा थर जमला. आरओचा ग्लास तसाच नितळ. ‘‘देखिए आंटीजी, आप क्या पी रही हैं!’’ काकूंचा चेहरा उतरला.

हे घडतं कसं ते सोपं आहे. प्रत्येक ग्लासातल्या दोन सळयांतली एक लोखंडाची असते. वीज वाहू लागली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो फेस पाण्यातला नाही, सळईतला आहे. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. काकूंना म्हटलं, आतून चिमूटभर मीठ आणा आणि त्याच्या चांगल्या ग्लासात टाका. घरातलंच मीठ, रोज आमटीत पडणारं. परत बटण दाबल्यावर आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही गढूळ झालं. फिल्टरवाला फारसं बोलला नाही, ग्लास तिथेच ठेवून सळया पुसायला लागला. (हा प्रयोग घरी वायर जोडून करू नका, त्यात घरचा करंट असतो.)

कोणतं यंत्र काय करतं

बाजारातली नावं कितीही असोत, आत पाच-सहा गोष्टींचीच अदलाबदल असते.

मेणबत्तीसारखी पांढरी कँडल असलेला स्टीलचा फिल्टर अजून बऱ्याच मराठी घरांत ओट्यावर आहे. चांगली कँडल गाळ अडवते आणि बरेचसे जिवाणूही, विषाणू मात्र तिच्यातून जातात. ती घासून धुवावी लागते, आणि बारीक तडा गेला की ती शोभेची वस्तू होते.

कार्बन म्हणजे सक्रिय कोळसा. वास, क्लोरीन, काही कीटकनाशकं तो शोषून घेतो. जंतू मारत नाही. उलट क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे त्याच्यापुढचं पाणी बिनपहाऱ्याचं होतं. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

यूएफ ही बारीक नळ्यांची जाळी. तिची छिद्रं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. जिवाणू आणि परजीवी त्यातून जात नाहीत, वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. क्षार आणि नायट्रेट मात्र आरपार जातात.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. तो जंतूंना मारण्यापेक्षा त्यांची वाढच बंद पाडतो, आणि त्यात विषाणूही आले. पण पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. दिवा वर्षभरात मंदावतो, डोळ्यांना मात्र तसाच निळा दिसतो, म्हणून तो चालतोय असं वाटत राहतं.

आरओ सगळ्यात बारीक. दाबानं पाणी अशा पडद्यातून ढकलतात की क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, जिवाणू, विषाणू बहुतेक सगळं मागे राहतं. मागे राहिलेलं धुऊन काढायला पाणी लागतं. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर नालीत जातं.

‘‘मग सगळं काढणारा आरओच घेतला तर बिघडलं काय?’’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, आणि तो चुकीचा नाही. पडदा शाबूत असेल तर आरओचं पाणी जंतूंच्या दृष्टीनंही चांगलं असतं. पण नर्मदेच्या पाण्याला त्याची गरज नसते. जे क्षार काढण्यासाठी ती यंत्रणा आहे, ते आधीच कमी आहेत. सत्तर किलोमीटरवरून वीज जाळून वर चढवलेलं पाणी आपण चार भाग करून तीन भाग गटारात सोडतो. ‘पग-पग नीर’ म्हणवणाऱ्या माळव्यात उन्हाळ्यात टँकरसाठी भांडणं होतात, त्यात ही भर. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणानं 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं सरकारला सांगितलं होतं, ते याच कारणानं.

दुसरी गंमत ‘टीडीएस कंट्रोलर’ची. आरओचं पाणी फारच बेचव लागतं म्हणून यंत्रात एक बारका कॉक असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो. म्हणजे नायट्रेटसाठी आरओ घेतलात आणि मेकॅनिकनं चव लागावी म्हणून कॉक उघडला, तर नायट्रेट त्याच वाटेनं परत ग्लासात. ज्याला खरंच आरओची गरज आहे त्यानं हा कॉक बंद ठेवायला सांगावं.

खनिजं जातात म्हणून हाडं ठिसूळ होतील, ही भीती मात्र मला थोडी वाढवून सांगितलेली वाटते. कॅल्शियम आपल्याला मुख्यतः दुधातून, दह्यातून, नाचणी-भाजीतून मिळतं. आरओविरुद्धचा खरा मुद्दा वाया जाणारं पाणी हा आहे, आणि त्याहूनही मोठा म्हणजे नको तिथे बसवलेली यंत्रणा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग आरओ कोणाला?

बोरिंगवाल्यांना, आणि तेही तपासणी करून. माळव्याच्या काळ्या दगडातलं खोल पाणी बहुधा जड असतं. तुमच्या बिल्डिंगीत बोरिंगचंच पाणी वर चढत असेल, टीडीएस हजाराच्या आसपास किंवा वर असेल, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट अथवा फ्लोराइड हद्दीबाहेर असेल, तर आरओला घरात दुसरा पर्याय नाही. तिथे मी त्याच्याच बाजूनं बोलेन.

बऱ्याच बिल्डिंगींत मात्र खिचडी असते: नर्मदा, बोरिंग आणि उन्हाळ्यात टँकर, सगळं एकाच हौदात. अशा ठिकाणी फक्त पिण्यासाठी नर्मदेची वेगळी छोटी टाकी आणि स्वयंपाकघरात एक वेगळा नळ काढता आला तर निम्मं काम होतं. सोसायटीच्या मीटिंगीत हा विषय काढून बघा, पार्किंगच्या भांडणापेक्षा बरा.

फक्त नर्मदेचं पाणी येणाऱ्या घराला माझ्या मते गाळाचा फिल्टर, कार्बन, यूएफ आणि यूव्ही अशी जोडणी पुरते. ती आरओपेक्षा स्वस्त पडते आणि तिला पाणी फेकावं लागत नाही.

‘‘उकळायचं कोण? गॅस किती जाईल?’’

उकळणं जुनाट वाटतं, पण जंतूंच्या बाबतीत त्याच्याइतकं खात्रीचं घरात दुसरं काही नाही. पाणी खळखळ उकळू लागलं की एक मिनिट तसंच ठेवायचं, मग झाकून थंड करायचं. जिवाणू, विषाणू, परजीवी, कोणीही वाचत नाही. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवीसुद्धा. गॅसचा हिशेब मांडला तर रोज दहा लिटर पाण्याला साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे महिन्याला घरगुती सिलिंडरचा पाव भाग. बारा महिने हे कोणी करणार नाही. पण पावसाळ्यात, किंवा गल्लीत दोन घरांत जुलाब सुरू झाल्यावर, पंधरा दिवस करायला काहीच हरकत नाही. उकळलेलं पाणी सपक लागतं ते त्यातली हवा गेल्यामुळे. एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा उंचावरून ओतलं की चव परत येते.

उकळण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. क्षार आणि नायट्रेट उकळून जात नाहीत. वाफ उडून पाणी कमी होतं, त्यामुळे ते थोडे वाढतातच.

तुरटी फिरवणं म्हणजे गाळ खाली बसवणं. त्यानं थोडे जंतूही गाळाबरोबर बसतात, पण पाणी निर्जंतुक होत नाही. तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जिवाणू कमी होतात हे खरं आहे. मैला मिसळलेल्या पाण्याला मात्र तांब्याचा इलाज पुरणार नाही. आणि पाण्याला वास किंवा पिवळसर झाक असेल, तर कुठल्याही घरगुती फिल्टरवर भिस्त ठेवू नका. ही यंत्रं नळाच्या पाण्यासाठी आहेत, नालीच्या नाहीत. त्या दिवसांत दात घासायला, कोथिंबीर धुवायला, बाळाची बाटली खळबळायलासुद्धा ते पाणी वापरायचं नाही.

गारेगार कॅम्परचं, म्हणजे थंड पाण्याच्या जारचं काय? सीलबंद बाटलीच्या पाण्यासाठी वेगळं मानक आहे. दुकानात आणि लग्नात येणारा तो हिरवा-निळा कॅम्पर सीलबंद नसतो; त्यात कुठलं पाणी भरलं, नळाची तोटी कधी धुतली, हे फक्त भरणाऱ्यालाच ठाऊक. गार असलं म्हणून ते शुद्ध नसतं.

फिल्टर बसल्यानंतरचं दुर्लक्ष

फिल्टर विकत घेण्यापेक्षा तो राखणं महाग, आणि तिथेच लोक हात आखडतात. कार्बनपुढचं पाणी बिनपहाऱ्याचं असतं हे वर आलंच. यंत्राच्या टाकीत ते पडून राहिलं की तिथेच जंतू वाढू शकतात. गणपतीला आठ दिवस पुण्याला जाऊन आलात तर आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, एक-दोनदा नवं पाणी भरून सोडा, मग प्या. कँडल आणि गाळाचे फिल्टर वेळेवर बदला, यूव्हीचा दिवा वर्षाला. घेतानाच विचारा: तीन वर्षांत सामान आणि सर्व्हिस मिळून किती? दुकानदार हा आकडा सांगायला कां-कूं करतो. चिकाटीनं विचारा.

तपासणी कशी करायची

दोन साध्या गोष्टी घरी होतात. क्लोरीन बघायचा किट तरणतलावाचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळतो. पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. नळाला रंग आणि हौदाला नाही, असं दिसलं तर हौदाकडे बघायची वेळ आली. दुसरी, जंतूंसाठीची छोटी बाटली, आत औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. काळी पडली तर मैला मिसळल्याचा दाट संशय. ग्रामीण भागात पाणी तपासायला हीच वापरतात.

नक्की अहवाल हवा तर लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाची (हे राज्य सरकारचं पाणीपुरवठ्याचं खातं) किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा. जंतूंच्या तपासणीला बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या आणि पाणी भरून काही तासांतच पोचवा. शीतपेयाच्या धुतलेल्या बाटलीत नेलेल्या नमुन्याला अर्थ नाही. अहवालात टीडीएसचा आकडा पहिला वाचू नका. ई. कोलाय, नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा, या क्रमानं वाचा.

आणि फिल्टरच्याही आधी

पुढच्या वेळी नळ येतील तेव्हा पायात चप्पल घालून घराबाहेर या आणि मुख्य लाइनीपासून तुमच्या हौदापर्यंत येणारा पाइप कुठून येतो ते बघा. जुन्या मोहल्ल्यांत तो हमखास नालीतून येतो, कधी अर्धा पाण्यात बुडालेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लोखंडी असेल तर सांध्याशी गंजलेला, कोणीतरी सायकलच्या ट्यूबनं बांधलेला. घराकडे येणारा हा तुकडा बहुधा आपल्याच खर्चानं बदलावा लागतो, आणि लाइनीत सगळ्यात जास्त कुजलेलाही हाच असतो. तो नालीतून वर उचलून, मधे सांधा न ठेवता, काळ्या प्लास्टिकच्या एकसंध पाइपानं नवा टाकून घेता येतो. प्लंबर म्हणेल, ‘‘सध्या चालतंय ना, कशाला हलवता?’’ त्याला म्हणावं, खणायला उद्या सकाळी ये. लांबी फार नसेल तर हा खर्च बहुधा एका आरओपेक्षा कमी येतो. नळाचं नवं कनेक्शन आणि मुख्य लाइनीला हात लावायला महापालिकेची परवानगी लागते, तेवढा अर्ज आधी देऊन ठेवावा.